वर्गाची वही

सोलापुरातील शिकवणी वर्गांचा जन्म बहुधा घरातच होतो. नव्या पेठेतील एखाद्या जुन्या घराच्या माडीवर, जुळे सोलापुरातील एखाद्या बंगल्याच्या पुढच्या खोलीत किंवा विडी कामगारांच्या वसाहतीतील दोन खोल्यांपैकी एकीत सतरंजी अंथरली जाते, भिंतीला फळा टांगला जातो आणि शेजारपाजारची पाच-सहा मुले गणित-इंग्रजीसाठी येऊ लागतात. शिकवणे मनापासून असले की एका घरातून दुसऱ्या घरात नाव पोहोचते. पाचाची पंधरा होतात, पंधराची चाळीस. एका बॅचच्या तीन होतात. मदतीला वर्गाचीच एखादी माजी विद्यार्थिनी येते, विज्ञानासाठी दुसरे शिक्षक येतात, दारावर नावाची पाटी लागते. सतरंजीच्या दिवसांतील एक गोष्ट मात्र तशीच राहून जाते. वर्गाचा सारा व्यवहार एकाच व्यक्तीच्या डोक्यात असतो.

कोणाची फी अर्धी आली आहे, कोणाच्या वडिलांनी दहा तारखेचा वायदा केला आहे, कोणत्या मुलीला सात वाजता भाऊ न्यायला येईपर्यंत सोडायचे नाही, शिष्यवृत्ती परीक्षेचा अर्ज कोणाचा भरायचा राहिला आहे, संध्याकाळच्या बॅचमधील कोणत्या मुलांना सूर्यास्तापूर्वी जेवणासाठी घरी पोहोचायचे असते, हे सारे बाईंना तोंडपाठ असते. पालकांना त्याचे कौतुक वाटते आणि बाईंनाही त्याचा थोडा अभिमान असतो. जोवर त्या रोज उभ्या आहेत, तोवर काही अडत नाही.

परंतु माणूस रोज उभे राहू शकत नाही. घरात लग्न निघते, सासूबाईंचे शस्त्रकर्म ठरते, स्वतःलाच ताप भरतो. त्या चार दिवसांत वर्ग बंद पडत नाही. तो अडखळत चालतो आणि त्या अडखळण्याची किंमत मुले भरतात. ज्याची फी आधीच आली आहे त्याच्याच घरी फीसाठी फोन जातो. अर्जाची अंतिम तारीख उलटून जाते. भाऊ यायच्या आत मुलीला सोडून दिले जाते. आणि सर्वांत भयंकर म्हणजे, एखादा मुलगा वर्गाला म्हणून घरातून निघतो, वर्गात पोहोचत नाही आणि घरच्यांना हे रात्री नऊला कळते. यात वाईट हेतू कोणाचाच नसतो. मदतनीस मुलगी प्रामाणिक असते, दुसरे शिक्षक कर्तव्यदक्ष असतात. काय करायचे हे त्यांना कोणी सांगितलेले नसते, एवढेच.

या दुखण्यावरील औषधाला मोठे नाव मिळाले आहे. शासकीय मराठीत त्याला प्रमाण कार्यपद्धती म्हणतात. करोनाच्या काळात ‘एसओपी’ हा शब्द घराघरांत पोहोचला. शब्द ऐकला की कारखाने, रुग्णालये, जाडजूड फायली डोळ्यांपुढे येतात आणि चाळीस मुलांच्या वर्गाला हे कशाला, असे वाटते. प्रत्यक्षात त्याचा अर्थ अगदी साधा आहे. एखादे काम कोणी करायचे, केव्हा करायचे, कोणत्या क्रमाने करायचे आणि ते बिघडले तर कोणाला सांगायचे, हे कागदावर लिहून ठेवणे. अनेक वर्गांत त्यासाठी शंभर पानी वहीसुद्धा जास्तच होईल.

सोलापूरकरांना तर ही कल्पना परकी वाटण्याचे कारणच नाही. ज्या जेकार्ड मागावर सोलापुरी चादर विणली जाते, तो माग याच तत्त्वावर चालतो. नक्षी आधी चौकटींच्या कागदावर उतरते, मग त्यानुसार पुठ्ठ्यांवर भोके पाडली जातात आणि ते पुठ्ठे एकाला एक जोडून मागावर चढवले जातात. कोणत्या वेळी कोणते सूत वर उचलले जावे, हे त्या भोकांनी ठरते. फ्रान्समधील लियाँ शहरात जोसेफ मारी जेकार्ड यांनी १८०४ च्या सुमारास ही रचना सिद्ध केली. तिचे मोठेपण असे की नक्षी विणकराच्या स्मरणात कोंडून राहिली नाही. सकाळच्या पाळीचा विणकर घरी गेला आणि रात्रपाळीचा आला, तरी चादरीवरचा मोर मोरच राहतो. यामुळे विणकराचे कसब कमी होत नाही. सुताचा ताण ओळखणे, तुटलेला धागा क्षणात जोडणे, कापडातील दोष नजरेने टिपणे ही कामे त्याच्याच हातात राहतात. नक्षी आठवत बसण्याचे ओझे तेवढे उतरते.

दुसरे उदाहरण व्यापारी घरांतील थोरल्या पिढीला चांगले ठाऊक आहे. पेढीवर रोजमेळ मिळाल्याशिवाय दिवस संपत नसे. आरंभीची शिल्लक, दिवसाची जमा, दिवसाचा खर्च आणि अखेरची शिल्लक हा क्रम ठरलेला असे. शेठजी गावी असोत वा परगावी, मुनीम अनुभवी असो वा नवा, क्रम बदलत नसे. मुनिमावर अविश्वास म्हणून ही पद्धत नव्हती. किंबहुना तीच त्याचा आधार होती. चार पैशांचा फरक निघाला तर तो कोणत्या ओळीत निघाला हे दाखवता येई आणि निष्कारण संशय कोणावर राहत नसे. ज्या घरांत दुकानाचा रोजमेळ इतक्या काटेकोरपणे लिहिला गेला, त्याच घरातील सून किंवा मुलगी चालवत असलेल्या वर्गाचा व्यवहार मात्र आठवणीवर चालावा, हे विसंगत आहे.

अनुभवी आणि कुशल माणसांना अशा कागदाची गरज नसते, असा एक समज आहे. तो खोडून काढणारा पुरावा एका मराठी मुळाच्या शल्यचिकित्सकाच्या कामातून जगापुढे आला. डॉ. अतुल गवांदे यांचा जन्म अमेरिकेतला. त्यांच्या वडिलांचे मूळ गाव यवतमाळ जिल्ह्यातील उटी. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रियेसाठी एकोणीस मुद्द्यांची सुरक्षा यादी प्रसिद्ध केली, त्या प्रयत्नाचे नेतृत्व त्यांनी केले. दिल्लीसह जगातील आठ शहरांतील रुग्णालयांत ती वापरून पाहिली गेली. यादीपूर्वी शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचे प्रमाण दीड टक्का होते, ते ०.८ टक्क्यावर आले. मोठ्या गुंतागुंतीचे प्रमाण ११ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर उतरले. हे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. यादीत कोणतेही नवे शास्त्र नव्हते. रुग्ण तोच आहे ना, शस्त्रक्रियेची जागा तीच आहे ना, प्रतिजैविक वेळेवर दिले ना, असे साधे प्रश्न होते. त्यातील एक मुद्दा तर असा की शस्त्रक्रियागृहातील प्रत्येकाने आपले नाव आणि आपले काम सांगावे. नाव सांगितलेला कनिष्ठ कर्मचारी चूक दिसली तर बोलण्यास धजतो, हे त्यामागचे मर्म.

वर्गाच्या वहीची सुरुवात मात्र एकोणीस मुद्द्यांनी करू नये. कामे पुष्कळ असतात आणि सगळी एकदम लिहायला बसले की वही तिसऱ्या पानावर थांबते. आरंभी पाचच पाने पुरेत : प्रवेश, फी, गैरहजेरी, वर्ग उघडणे व बंद करणे, आणि शिक्षकांची रजा. एका कामाला एकच पान. पानावर सात-आठ ओळी. प्रत्येक ओळीत एकच कृती आणि ती करणाऱ्याचा स्पष्ट उल्लेख. ‘हजेरीकडे लक्ष द्यावे’ ही ओळ निरुपयोगी आहे, कारण ती वाचून उठणाऱ्याला काय करायचे ते कळत नाही. ‘पाच वाजून दहा मिनिटांनी मदतनीसाने हजेरी घ्यावी’ ही ओळ उपयोगाची आहे.

गैरहजेरीचे पान नमुन्यादाखल पाहता येईल. बॅच पाचची असेल तर पाच दहाला हजेरी घ्यावी. पूर्वसूचना न देता जो आला नाही, त्याच्या घरी सव्वापाचच्या आत मदतनीसाने फोन करावा. पहिला क्रमांक उचलला गेला नाही तर दुसरा लावावा. व्हॉट्सॲपवर संदेश टाकणे म्हणजे कळवणे नव्हे. घरातील मोठ्या माणसाशी बोलणे झाले, तरच कळवले असे मानावे. फोनची वेळ आणि मिळालेले उत्तर हजेरीपुढे लिहावे. मूल घरातून निघाले आहे असे उत्तर आले, तर मदतनीसाने तत्क्षणी शिक्षकांना सांगावे आणि शिक्षकांनी शिकवणे थांबवून पुढील चौकशी हाती घ्यावी. एवढ्या ओळी आहेत. त्यातील शेवटची ओळ वर्षानुवर्षे वापरावी लागणार नाही. पण ज्या संध्याकाळी लागेल, त्या संध्याकाळी नव्या मदतनीसाने ‘बाईंना मध्येच कसे थांबवायचे’ असा संकोच करू नये, म्हणून ती लिहिलेली असणे अगत्याचे आहे.

प्रवेशाच्या पानावर सोलापूरसारख्या गावात एक रकाना हमखास हवा : पालकांशी कोणत्या भाषेत बोलायचे. या शहरात मराठीबरोबर तेलुगू, कन्नड आणि उर्दू घराघरांत बोलली जाते. कामाची भाषा मराठी असली तरी काळजीची बातमी घरच्या भाषेत लवकर पोहोचते. मुलाला नेण्या-आणण्याचा अधिकार कोणाला, त्याला दमा किंवा फिट्ससारखा काही त्रास आहे का, रविवारी सुट्टीच्या दिवशी कोणता क्रमांक लागतो, हेही तेथेच नोंदवावे. नळाला रोज पाणी न येणाऱ्या या शहरात पाण्याच्या दिवशी कोणती मुले उशिरा येणार, हे ज्या वर्गात आधीच नोंदलेले असते, तेथे त्या मुलांना दारातच जाब विचारला जात नाही. जानेवारीत सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा भरते, तेव्हा होम मैदानाच्या आसपासच्या रस्त्यांवर संध्याकाळी पाऊल टाकणे कठीण होते. त्या दिवसांचे वेळापत्रक एक आठवडा आधी कळवायचे, ही ओळही वार्षिक पानावर असावी.

फीचे पान लिहिताना वर्ग चालवणाऱ्याच्या मनाची खरी परीक्षा होते. यंत्रमागावर किंवा विडी वळण्याच्या कामावर घर चालवणारे पालक एकरकमी फी भरू शकत नाहीत. सवलत बहुतेक वर्ग देतातच. प्रश्न असतो ती कशी दिली जाते हा. महिनाअखेरीस भाड्याची चिंता असते, डोके तापलेले असते आणि अशा वेळी भरवर्गात शब्द निघून जातो : ‘तुझी फी अजून आली नाही रे.’ तीसेक मुलांच्या नजरा त्या मुलाकडे वळतात. त्यानंतर तो मुलगा शंका विचारत नाही आणि काही दिवसांनी येतही नाही. म्हणून या पानाची पहिली ओळ अशी असावी : फीविषयी मुलाशी कधीही बोलू नये, बोलायचे ते पालकांशी, आणि तेही एकट्याने. दुसरी ओळ : पैसे रोख आले असोत वा यूपीआयने, त्याच दिवशी पावती द्यावी व नोंद करावी. तिसरी : हप्ते ठरले असतील तर तारखा लिहून एक प्रत पालकांना द्यावी. चौथी : सवलतीची नोंद वेगळ्या वहीत असावी आणि ती मदतनीसाच्या हाती जाऊ नये. दमलेल्या, चिडलेल्या क्षणी माणसाला जे सुचत नाही, ते त्याने शांत असताना स्वतःसाठी लिहून ठेवायचे असते. बोलण्यातला संयम प्रवचनात ऐकायला सोपा वाटतो. महिन्याच्या तीस तारखेला तो पाळायचा, तर अशी एक ओळ समोर असलेली बरी.

मूल मध्येच वर्ग सोडून गेले तर फीचे काय, याचाही निर्णय भांडणाच्या दिवशी घेऊ नये. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये कोचिंग केंद्रांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. पन्नासपेक्षा अधिक विद्यार्थी असलेली केंद्रे त्यांच्या कक्षेत येतात आणि अंमलबजावणी राज्यांकडे सोपवली आहे. पूर्ण फी भरून मध्येच सोडणाऱ्या विद्यार्थ्याला उरलेल्या काळाची फी दहा दिवसांत परत द्यावी, प्रत्येक विद्यार्थ्यामागे किमान एक चौरस मीटर जागा असावी, शाळेच्या वेळात वर्ग घेऊ नयेत, आठवड्याची सुट्टी द्यावी आणि सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी चाचणी ठेवू नये, अशा गोष्टी त्यात आहेत. सोळा वर्षांखालील मुलांना अशा केंद्रांत प्रवेश देऊ नये, असेही त्या सूचना सांगतात. म्हणून शालेय मुलांच्या वाढत्या वर्गाने पन्नासचा आकडा गाठण्यापूर्वीच आपली स्थिती जाणकाराकडून समजून घ्यावी. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने कोचिंगच्या जाहिरातींबाबत सूचना दिल्या. त्यानुसार यशस्वी विद्यार्थ्याचे नाव वा छायाचित्र वापरण्यासाठी निकालानंतर त्याची लेखी संमती घ्यावी लागते. निकालाच्या दिवशी घाईने फलक छापणाऱ्या छोट्या वर्गांनीही हा शिष्टाचार उचलावा. वीस-पंचवीस मुलांच्या घरगुती वर्गाला यातील प्रत्येक कलम लागू नसेल. परंतु चांगली ओळ उचलण्यास मनाई कोठेच नाही.

वर्ग उघडण्या-बंद करण्याच्या पानाला क्षुल्लक समजू नये. २४ मे २०१९ रोजी सूरतमध्ये एका व्यापारी संकुलाला आग लागली. वरच्या मजल्यावर वर्ग चालू होता आणि २२ जणांचा जीव गेला. त्यांत बहुतेक कोवळे विद्यार्थी होते. २७ जुलै २०२४ रोजी दिल्लीत जुन्या राजेंद्रनगर भागात तळघरातील ग्रंथालयात पावसाचे पाणी शिरून तीन विद्यार्थी दगावले. मोठ्या शहरांतील या बातम्या दूरच्या वाटतात. परंतु सोलापुरातील माडीवरच्या वर्गालाही एकच जिना असतो आणि त्या जिन्यात सायकली, जुनी कपाटे, पाण्याचे पिंप ठेवलेले असतात. ‘पहिले मूल येण्यापूर्वी जिना व दार मोकळे आहे का पाहावे, शेवटचे मूल गेल्यावर दिवे, पंखे, मुख्य बटण बंद करावे, स्वच्छतागृहात व गच्चीवर कोणी राहिले नाही याची खात्री करूनच कुलूप लावावे’ एवढ्या तीन ओळींना दोन मिनिटे लागतात. जिन्यातील अडगळीची सवय डोळ्यांना इतकी जडते की ती दिसेनाशी होते. वहीतील ओळ ती रोज नव्याने दाखवते.

वही लिहिण्याची रीतही महत्त्वाची आहे. मालकाने एकट्याने बसून लिहिलेली वही भिंतीवरच्या शोभेच्या तसबिरीसारखी होते. जो काम करतो त्यानेच पहिला मसुदा लिहावा. मदतनीसाने हजेरीचा, विज्ञानाच्या शिक्षकांनी रजेचा. मग ते पान त्या कामाची माहिती नसलेल्या माणसाच्या हाती द्यावे आणि त्याला फक्त ते वाचून काम करायला सांगावे. जेथे तो थांबून प्रश्न विचारतो, तेथे ओळ अपुरी आहे. प्रत्येक पानाखाली तारीख घालावी. सत्र संपताना सर्वांनी एक तास बसावे. जी ओळ तीन महिने कोणी पाळली नाही, ती खोडावी किंवा ती का पाळली गेली नाही याचा विचार करावा. दोन्ही टाळले, तर वहीतील उरलेल्या ओळींचाही मान जातो. आणि एखादी चूक घडली तर ‘कोणी केली’ या प्रश्नाआधी ‘वहीत हे होते का’ हा प्रश्न यावा. या एका सवयीने वर्गातील वातावरण निवळते.

अशा लेखनाने वर्ग यंत्रासारखा होईल, अशी भीती पुष्कळ चांगल्या शिक्षकांना वाटते. ती अगदीच निराधार नाही. काय लिहू नये, हेही ठरवावे लागते. अपूर्णांकांना घाबरणाऱ्या मुलीला भाकरीचे तुकडे दाखवून समजवायचे की कापडाचे वार मोजून, हे कोणत्याही पानावर लिहिता येणार नाही. आईवडिलांचे भांडण सोसून आलेल्या मुलाला त्या दिवशी गृहपाठ न विचारण्याचे शहाणपण वहीत मावत नाही. तेथे शिक्षकाचे मन मोकळे असावे लागते. आणि ते मोकळे राहत नाही, त्याचे एक कारण हेच की अर्धे मन पावत्या, तारखा आणि किल्ल्या यांनी भरलेले असते. नेहमीची कामे कागदावर गेली, की नेहमीपेक्षा वेगळे काय घडले आहे ते दिसू लागते. फळ्याकडे पाठ करून मुलांकडे पाहायला वेळ मिळतो.

शेवटी या साऱ्याचा लाभ कोणाला होतो, हे पाहावे. बाईंना चार दिवस आजारी पडण्याची मुभा मिळते. मदतनीस मुलीला ‘मला माहीत नव्हते’ म्हणत खाली मान घालावी लागत नाही. उलट कधी बाईंकडूनच एखादी ओळ चुकली, तर ती वहीवर बोट ठेवून आदराने सांगू शकते. पुढे तिने आपल्या वस्तीत स्वतःचा वर्ग काढला, तर ती कोऱ्या हाताने जात नाही. पालकांना वायदा आणि हिशेब यांत फरक पडत नाही हे कळते. आणि ज्या मुलाची फी उशिरा येते, ते मूल पहिल्या बाकावर निर्धास्त बसते.

वही आणायला मुहूर्त लागत नाही. आज रात्री वर्ग सुटल्यावर एका कोऱ्या पानावर एकच प्रश्न लिहावा : उद्या आपण आलो नाही, तर सर्वांत आधी काय चुकेल? जे उत्तर मनात पहिले येईल, ते वहीचे पहिले पान. ते सात ओळींत लिहावे, तारीख घालावी आणि सकाळी मदतनीसाच्या हाती द्यावे.